मुख्य ब्रँचला कुलूप हवेच!

१/ «आमच्या चमूत सगळे विश्वासू आहेत, मग मुख्य ब्रँचला कुलूप कशाला?» हा युक्तिवाद आजही अनेक प्रोग्रामर हिरिरीने करतात. सॉफ्टवेअरचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला तो करवणार नाही. #धागा

२/ आधी संज्ञा. रिपॉझिटरी म्हणजे कोडचे दप्तर आणि त्यातील प्रत्येक नोंद म्हणजे कमिट. मुख्य ब्रँच ही अधिकृत प्रत. ती संरक्षित करणे म्हणजे तिच्यात कोणीही परस्पर लिहायचे नाही. बदल वेगळ्या ब्रँचवर मांडायचा, दुसऱ्याने तो वाचायचा, मगच शिक्कामोर्तब.

३/ नोव्हेंबर २००३. लिनक्स कर्नलचे मूळ दप्तर बिटकीपर या प्रणालीत होते आणि सीव्हीएस वापरणाऱ्यांसाठी त्याची नक्कल ठेवलेली असे. त्या नकलेत कोणीतरी दोन ओळी घुसडल्या. दिसायला साधी तपासणी. पण जिथे दोन बरोबर-चिन्हे हवीत तिथे एकच होते. सी भाषेत दोन चिन्हे तुलना करतात, एक चिन्ह मूल्यच बदलते. परिणामी, विशिष्ट रीतीने हाक देणाऱ्या प्रोग्रामला यंत्राचे सर्वाधिकार मिळाले असते.

४/ ही घुसखोरी उघडकीस आली, कारण नकलेतील त्या बदलाला मूळ दप्तरातील नोंदीचा आधारच नव्हता. तिथे कामी आली ती रचना. कोणाची सचोटी नव्हे.

५/ २८ मार्च २०२१. पीएचपीच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर एक कमिट आले. नाव रास्मुस लेरडॉर्फ यांचे, म्हणजे साक्षात पीएचपीच्या जनकाचे. कारण दिले होते मुद्रणदोषाची दुरुस्ती. आत मात्र सर्व्हरवर परक्याचा कोड चालवू देणारे चोरदार! ते मागे घेतले, तर तेच पुन्हा आले. या वेळी निकिता पोपोव यांच्या नावाने.

६/ दोघांनीही ते लिहिले नव्हते. गिटमध्ये लेखकाचे नाव हा केवळ मजकूर असतो. कोणीही कोणाचेही नाव घालू शकतो. मग ‹विश्वास› ठेवायचा तो कोणावर? माणसावर, की त्याच्या नावाच्या अक्षरांवर? काही तासांतच हा प्रकार लक्षात आला, पण कोड मुख्य ब्रँचमध्ये शिरल्यानंतर. पुढे प्रकल्पाने तो सर्व्हर सोडून गिटहब स्वीकारले.

७/ «तातडीच्या दुरुस्तीला विलंब होतो» हा दुसरा आक्षेप. घाईतल्या बदलालाच दुसऱ्या डोळ्यांची गरज सर्वाधिक असते. आणि प्रशासकांना सूट देणारे कुलूप हे कुलूपच नव्हे. २०२४ मध्ये एक्सझेड या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार बसवले ते बाहेरच्या चोराने नव्हे. दीर्घकाळ विश्वास संपादन करून थेट लिहिण्याचा अधिकार मिळवलेल्या सहकाऱ्याने.

८/ म्हणून कुलूप हा प्रामाणिक माणसाचा अपमान नाही. उद्या त्याच्या नावाने कोणी विष कालवले, तर ‹हे माझे नव्हे› असे सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, यासाठीच ते आहे.