फड्या निवडुंग लावा, पण रक्तही तपासून घ्या

फड्या निवडुंगाच्या लालभडक बोंडांनी रक्त वाढते, हा समज जुना आहे. आता त्याच्या रसाच्या बाटल्याही विकल्या जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मग भोसरी-चाकणच्या कारखान्यांत उभ्याने शिफ्ट करणाऱ्या आपल्या भगिनींनी या बाटलीवर विसंबावे का?

आमचे मत स्पष्ट आहे. बोंड हे फळ आहे, रक्तक्षयाचे औषध नव्हे. त्यातले क जीवनसत्त्व डाळ-पालेभाजीतील लोह अंगी लागायला मदत करते. पण तेच काम लिंबू आणि पेरूही करतात. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांची जागा रस घेऊ शकत नाही.

झाड मात्र जरूर लावावे. 1972 च्या दुष्काळात काटे भाजून हाच निवडुंग जनावरांना घातल्याचे जुनी माणसे सांगतात. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने बिनकाट्याच्या जातींवर चाऱ्यासाठी काम केले आहे. मेक्सिकोत कोवळ्या फड्यांची भाजी करतात.

फडा कापून आठवडाभर सावलीत ठेवावा. जखम सुकली की वाळू मिसळलेल्या मातीत उन्हाच्या जागी रोवावा. आपल्याकडे हे झाड उन्हाने मरत नाही, पावसाळ्यात साचलेल्या पाण्याने कुजते. म्हणून कुंडीला भोके हवीत, खाली ताटली नको. ताटलीतल्या पाण्यात डेंग्यूचे डासही वाढतात. चाळीच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कुंडी ठेवू नये. बोंडावरची बारीक कुसळे मुलांच्या हातात रुततात.

त्रिधारी निवडुंग वेगळा, हे ध्यानात ठेवावे. त्याचा पांढरा चीक डोळ्यांना इजा करतो. फड्या कापल्यावर बुळबुळीत रस येतो. पांढरा चीक आला तर ते झाड तोंडात घालू नये. लाल बोंडे खाल्ल्यावर लघवी लालसर होऊ शकते, त्याने घाबरू नये. बोंडे न खाता तशी झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

सतत थकवा, धाप, चक्कर असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात किंवा चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील, तर चिंचवडच्या मोहननगरमधील विमा रुग्णालयात उपचार मिळणे हा तुमचा हक्क आहे. तुम्ही कंत्राटी असलात तरीही. बाटलीचे पैसे डाळीवर, अंड्यांवर खर्च करा. बोंडे कुंडीतली खा.