‘कसं वाटतंय?’च्या पुढचे प्रश्न

हिंगोलीहून अंधेरीचं फुटबॉल मैदान साडेपाचशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. वसमत, औंढा किंवा सेनगावातल्या ज्या पोराला मुंबई सिटी एफसी हा आपल्या राज्याचा संघ वाटतो, त्याला मैदानात बसून सामना पाहणं सहसा परवडत नाही. मोबाइलवर गोल दिसतो. पण तो गोल कसा रचला गेला, संघाला पैसा कोण पुरवतं, पुढच्या वर्षी संघ उरणार का, हे कळायचं तर त्याच्या वतीने कुणीतरी विचारावं लागतं. ज्यांच्या हातात माइक असतो, त्यातले बरेच जण तयारी न करताच समोर उभे राहतात.

फुटबॉलपटूंच्या मुलाखतींचं वळण ठरून गेलं आहे. जिंकल्यावर ‘कसं वाटतंय?’, हरल्यावर ‘काय चुकलं?’. मग मेस्सी की रोनाल्डो. मग क्रिकेटमुळे फुटबॉल मागे पडलं का. संघाच्या मालकांत रणबीर कपूर असल्यामुळे एक प्रश्न त्याच्याविषयी. खेळाडू पाठ केलेलं उत्तर देतो, बाइट मिळते, बातमी सुटते. वाचकाच्या पदरात काही पडत नाही.

११ एप्रिल २०२२ ची रात्र घ्या. रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ ने हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. आदल्या वर्षी एफसी गोवा तिथे खेळला होता, पण तीन बरोबऱ्यांवर त्याला समाधान मानावं लागलं होतं. रियाधमध्येही पहिला गोल इराकी संघाचाच झाला. मग दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मुंबईकर राहुल भेकेने हेडरने विजयी गोल केला. मुंबईचा बचावपटू आशियाच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत इतिहास घडवतो, याहून मोठी क्रीडा मुलाखत मराठी पत्रकाराला कोणती हवी?

अर्ध्या तासाच्या वाचनात विचारण्यासारखं कितीतरी सापडलं असतं. हाच इराकी संघ २०१६ च्या एएफसी कपच्या अंतिम सामन्यात बंगळुरू एफसीला १-० ने हरवून विजेता झाला होता. पुढच्याच वर्षी भेके बंगळुरूत दाखल झाला. त्या पराभवाविषयी तिथल्या ड्रेसिंग रूममध्ये काय बोललं जायचं? २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात, तोही अंधेरीच्याच मैदानावर, जादा वेळेत भेकेने हेडरनेच बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं होतं. बचावपटू असून मोठ्या सामन्यांत हा माणूस गोलपुढे नेमका कसा पोचतो? उडी कधी घ्यायची, प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या खांद्यामागून निसटायचं, याचा सराव कसा होतो? हे त्याच्या तोंडून, मराठीत ऐकायला मिळालं असतं, तर हिंगोलीच्या शाळेतल्या एखाद्या स्टॉपरने दुसऱ्या दिवशी मैदानावर करून पाहिलं असतं.

मुंबई सिटीकडून खेळलेल्या लालियनझुआला छांगटेच्या बाबतीत तर नावापासून तयारी लागते. मिझो नावं उच्चारायला अवघड वाटतात म्हणून अडखळत, हसत प्रश्न सुरू करणं हा त्या खेळाडूचा अवमान आहे, आणि दहा मिनिटांच्या सरावाने तो टळतो. छांगटे डाव्या पायाचा, पण उजव्या बगलेवरून खेळतो. बगलेवरून आत वळून डाव्या पायाने फटका मारणं हे त्याचं हत्यार. २०२२-२३ मध्ये तो देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. अशा माणसाला ईशान्येतलं जेवण आणि मुंबईचा वडापाव यांत काय आवडतं, असं विचारण्यात वेळ घालवू नये.

दुसरी खोड गरिबीची. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. रिक्षाचालकाचा मुलगा ही त्याची ओळख इतकी उगाळली गेली, की तो आघाडीला कसा खेळतो हे बाजूलाच पडलं. घरची परिस्थिती सांगायला हरकत नाही. पण अमेरिकेविरुद्ध मैदानात उतरलेल्या पोराला त्या बचावफळीबद्दल एक तरी प्रश्न हवा.

खुद्द कोल्हापुरात हे चित्र वेगळं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी या तालमींचे संघ उतरतात, तेव्हा वार्ताहराला कोण कुठे खेळतो हे ठाऊक असतं, कारण चूक झाली तर गल्लीत वाचक अडवून विचारतो. म्हणजे मराठी पत्रकाराला फुटबॉल कळत नाही, असं मुळीच नाही.

वार्ताहरांची अडचणही खरी आहे. एकच माणूस क्रिकेट, कबड्डी आणि महापालिका सांभाळतो. क्लबचा माणूस शेजारी घड्याळ धरून उभा असतो, ‘फक्त दोन प्रश्न’ म्हणतो. पण दोनच प्रश्न मिळणार असतील, तर ते आदल्या रात्री ठरलेले हवेत.

कारण न विचारलेल्या प्रश्नांची किंमत संघ जाऊन मोजावी लागते. महिंद्र युनायटेड १९६२ पासूनचा क्लब. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये संपला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये गेला. हा संघ चालू असताना हृतिक रोशन, अर्जुन कपूर यांची छायाचित्रं छापून आली. वर्षाचा खर्च किती, तिकिटांतून किती परत येतो, मालकाचा मूळ धंदा अडचणीत आला तर करारबद्ध खेळाडूंचं काय, हे प्रश्न त्याच पत्रकार परिषदांत विचारायला हवे होते.

हाच प्रसंग आता मुंबईवर आला आहे. आयएसएल ज्यावर उभी होती तो, राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये केलेला १५ वर्षांचा, ७०० कोटींचा व्यावसायिक करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे सहीच्या दिवसापासून कागदावर होतं. जुलै २०२५ मध्ये आयएसएल लांबणीवर पडली तेव्हा सगळे एकदम जागे झाले. १४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर आला, कॅमेरे तिकडे धावले. त्या दिवशी देशात अव्वल दर्जाची लीग चालू नव्हती. त्याच महिन्यात, २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतलेला सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. दोन विजेतेपदांचा हा क्लब आता कोणत्या बळावर चालणार, हे मालकांना थेट आणि पुन्हा पुन्हा विचारलं पाहिजे.

प्रशिक्षकांशी बोलतानाही तयारी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झालेला खालिद जमील मुंबईच्या मैदानांवर घडला. मोठमोठ्या संघांशी तुटपुंज्या बळावर झुंजत त्याने वर्षानुवर्षं मुंबई एफसीला आय-लीगमध्ये टिकवलं आणि २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला विजेतेपद मिळवून दिलं. मितभाषी माणूस आहे. ‘कसं वाटतंय?’ला तो दोन शब्दांत उत्तर देणार, त्यात त्याचा दोष नाही.

आता जिल्ह्यातल्या वार्ताहरांना एक विनंती. राज्याच्या ‘महादेवा’ प्रकल्पातून १३ वर्षांखालील ३० मुलं आणि ३० मुलींना फुटबॉलच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते. उद्या हिंगोलीतल्या एखाद्या मुलीचं नाव अशा यादीत आलं, तर हार-तुऱ्यांचा फोटो जरूर घ्या. पण त्याआधी तिचा सामना पूर्ण वेळ बसून पाहा. ती कोणत्या पायाने खेळते, कोणत्या जागेवर खेळते, तिला कुणी शिकवलं, सरावाला मैदान कुठलं आणि बूट कुणी दिले, एवढं विचारा, आणि तिची उत्तरं न कापता छापा.