उलट्या दिशेची वाट

आपण मंडळी शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत आलो आणि इथलेच होऊन गेलो. गेल ऑम्वेट या बाईंनी नेमका उलटा प्रवास केला. जन्म १९४१ सालचा, मिनिआपोलिसचा, शिक्षण बर्कलेचं, आणि अखेर २०२१ साली, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात. १९८३ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. आपण ज्या पासपोर्टसाठी वर्षानुवर्षं थांबतो, तो त्यांनी सोडून दिला!

बर्कलेला प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा. काळ १८७३ ते १९३०. १८७३ म्हणजे जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला ते साल. इंग्रजी अमदानी म्हटली की आपल्याला रानडे, गोखले, टिळक आठवतात. खेड्यापाड्यांतून जलसे करणारे, भटजींवाचून लग्नं लावणारे सत्यशोधक आपल्या धड्यांत फारसे आलेच नाहीत. आले ते 'इंग्रजधार्जिणे' हा शिक्का घेऊन. बाईंनी तो शिक्का तपासला. परक्यांचं राज्य जावं हे खरं, पण ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, त्याने 'स्वराज्य कोणाचं?' असं विचारलं तर त्यात देशद्रोह कसला?

पुढे २००८ च्या 'सीकिंग बेगमपुरा'त त्यांनी चोखोबा, रविदास, तुकोबांपासून फुले, पंडिता रमाबाई, आंबेडकरांपर्यंतचा धागा जोडला. संतांना आपण भजनाच्या कार्यक्रमात बसवतो; बाईंनी त्यांच्यात समाज कसा असावा याचा विचार वाचला. त्यांचं सगळंच पटेल असं नाही. धरणं, जागतिकीकरण यांवरची त्यांची मतं जवळच्यांनाही खटकली.

इथे भटजी मिळाले नाहीत तर आपण पोथी उघडून पूजा उरकतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात हेच जाणूनबुजून करणाऱ्यांवर कोर्टात फिर्यादी झाल्या. हे आपल्या मुलांना कोण सांगणार? कॉलेजातून ती जातीबद्दल प्रश्न घेऊन घरी येतात, तेव्हा "आम्ही नाही बाई मानत" एवढ्यावर भागत नाही. आपल्या मंडळाची सभासदयादीच एकदा वाचून पाहू या. त्यात कोणती आडनावं आहेत, आणि कोणती अजिबात नाहीत?

पुढच्या भारतवारीत कराडहून कोल्हापूरला जाताना वाटेत कासेगाव लागेल. गाडी जरा थांबवा. मुलांना सांगा, मिनेसोटाची एक मुलगी इथे आपला इतिहास शोधत आली, आणि इथलीच झाली.