शेंगदाण्याची तपासणी यार्डातच हवी

शेतकरी बंधूंनो, शहरातल्या दुकानातून शेंगदाण्याचा नमुना उचलला, त्यात अफ्लाटॉक्सिन सापडले, दुकानदारावर खटला झाला, की आपण म्हणतो, आपला काय संबंध? संबंध आहे. या विषाची सुरुवात बहुतेक वेळा आपल्या रानात आणि खळ्यावरच होते.

ते तयार करते अस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी. शेंगा भरताना पावसाने ताण दिला, काढणीत शेंगा फुटल्या, वेलांचे ढीग ओले राहिले, की तिचे फावते. इंग्लंडात १९६० साली अशी पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले. राजस्थान-गुजरातेत १९७४ साली बुरसट मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. रोज थोडे थोडे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भाजून-उकडून ते पुरते जात नाही, आणि पेंडीवाटे दुधातही उतरते.

कायद्याने किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी भागांत १५ भाग, एवढीच मुभा आहे. थेट खाण्याच्या दाण्याला १०. युरोपला जाणाऱ्या दाण्याला तपासणीचा दाखला लागतो. मग आपली पोरे खातात त्या दाण्याला का नको?

बाजार समितीने लिलावाआधीच नमुना घ्यावा. मूठभर दाणे पाहून भागणार नाही. ढिगात विषारी दाणे मोजकेच असतात, म्हणून अनेक पोत्यांतून काढून, दळून, मिसळून मगच तपासावे. झटपट तपासणीचे संच मिळतात. खर्च समितीने सेसमधून करावा. पास मालाला चढा भाव हवा. ओला आणि वाळलेला माल एकाच दराने गेला, तर वाळवायचे कष्ट घेणार कोण? नापास माल रिफायनरीच्या तेलाकडे वळवावा. त्याची पेंड मात्र जनावरांपुढे जाता कामा नये.

सरपंच व सोसायटीच्या चेअरमननी गावात सिमेंटचे खळे आणि ओल मोजायचे यंत्र ठेवावे. आपणही वेल उलटे टाकून, शेंगा वर करून वाळवा. शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. ओल ८-९ टक्क्यांवर नको. फुटक्या, काळ्या शेंगा वेगळ्या काढून टाका, घरात ठेवू नका. वजनासाठी पाणी मारणे तर सोडूनच द्या.

पावसाचा ताण आपल्या हातात नाही, वाळवणे आहे. तेवढे केलेत, तर यार्डात तपासणी मागायला तुम्हीच पुढे व्हाल.