ब्रेक पॅड आणि 'मला तर काही झालं नाही'

परवा शनिवारी टेबलाचा खण आवरताना एक लोखंडी पट्टी हाताला लागली. तळहातात मावेल एवढी, एका बाजूनं गंजलेली. बायको म्हणाली, भंगारात टाकू का? म्हटलं, नको, तिच्यावर लिहायचंय.

ही पट्टी म्हणजे मोटरसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकच्या पॅडची मागची प्लेट. तिच्यावर घर्षणाचं मटेरियल चिकटवलेलं असतं. या पट्टीवर ते नाही. ते गेल्या पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटात कुठंतरी पडलं. गाडी माझ्या जुन्या रूममेटची होती आणि पॅड सुचवला होता मी.

तर मंडळी, सुरुवातीपासून सांगतो. माझ्याकडे साधी दीडशे सीसीची गाडी आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. तीनएक वर्षांपूर्वी पॅड घासले म्हणून नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "दादा, कंपनीचा टाकू का लोकल?" कंपनीचा 380 रुपये, लोकल 160. मी शहाणा माणूस, इंजिनियर वगैरे. विचारलं, "फरक काय?" मामा हसले. "फरक काय असतोय दादा, चालतोय सगळा." मी लोकल टाकला. तो 14 हजार किलोमीटर चालला! आधीचा कंपनीचा 12 हजारांत संपला होता. झालं, मला केवढा आनंद. हापिसातल्या चहाच्या टपरीपासून ते आमच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे मी त्या ब्रँडचा बिनपगारी सेल्समन झालो. 'पैसे वसूल' हे माझेच शब्द. रूममेटनं त्या शब्दांवर विश्वास ठेवून तोच पॅड टाकला, त्याच नावाचा, त्याच रंगाच्या पुडीतला.

दोन महिन्यांनी, भर पावसात, मागे बहिणीला बसवून तो गडावरून उतरत होता. एका वळणाआधी पुढची लिव्हर दाबली तर ती सरळ हँडलला टेकली आणि खालून खर्र्र असा लोखंडावर लोखंडाचा आवाज आला. त्यानं मागचा ब्रेक मारला, गियर खाली टाकला आणि गाडी दरीकडे न नेता डोंगराकडच्या गटारात घातली. त्या क्षणाला त्याला हे सुचलं याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे. बहिणीला खरचटलं. त्याच्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. प्रोजेक्टचं रिलीज त्यानं एका हातानं टाइप करून केलं आणि मला एका शब्दानंही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

नंतर आम्ही कॅलिपर खोलला. मटेरियल घासून संपलेलं नव्हतंच, प्लेटपासून सुटलं होतं. प्लेट आणि मटेरियल यांच्या मधे गंज होता. हे कसं होतं ते समजायला रॉकेट सायन्स लागत नाही. प्लेट नीट साफ न करता, नीट रंग न देता, कमी दाबाखाली किंवा कमी तापमानाला मटेरियल चिकटवलं की कडेला बारीक फट राहते. फटीत पाणी शिरतं, लोखंड गंजतं, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणजे तो पाचर मारल्यासारखा मटेरियलला आतून उचलत जातो. आपल्याकडे चार महिने पाऊस. पाचरीला भरपूर वेळ मिळतो.

मग मी माझ्या गाडीचे तेच लाडके पॅड काढून बघितले. ते सुटले नव्हते. पण डिस्कवर नखाला लागतील अशा खाचा पडल्या होत्या. माझे पॅड 14 हजार का चालले याचं कोडं तिथं सुटलं. ते इतके कडक होते की स्वतः झिजण्याऐवजी डिस्क झिजवत होते. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. माझी तिच्या खाली गेली होती. नवीन डिस्क 1600 रुपये. दर पॅडमागे मी 220 रुपये वाचवत होतो, म्हणजे डिस्कचे पैसे वसूल व्हायला सात-आठ सेट लागणार. आणि 12 हजार किलोमीटरला 220 रुपये म्हणजे किलोमीटरला दोन पैसेसुद्धा नाहीत. एवढ्यासाठी मी मित्राचं मनगट पणाला लावलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. एकाच नावाच्या दोन पुड्या. एकीतला पॅड दगडासारखा, दुसरीतला सुटून पडणारा. स्वस्त पॅडबद्दल माझी तक्रार ही आहे. ते सरसकट वाईट असतात असं मी म्हणत नाही, पुढची पुडी कशी निघेल हे कुणालाच सांगता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. सरासरी ठीक असेलही हो, पण घाटात सरासरीवर ब्रेक लागत नाही. आपण सॉफ्टवेअरवाले हे रोज जगतो. एक सर्व्हर वर्षभर पडला नाही म्हणजे तो चांगला, असं म्हणणाऱ्या ज्युनियरला आपण समजावतो की बाबा रे, एका मशीनवरून निष्कर्ष काढू नकोस. आणि आपणच पॅडच्या बाबतीत 'मी टाकला, मला तर काही झालं नाही' म्हणून शिफारस करतो. माझ्याकडे डेटा पॉइंट किती होते? एक. तोही चुकीचा वाचलेला.

दुसरी गोष्ट, 'किती चालला' हा प्रश्नच पॅडला लागू नाही. टायरला विचारा, चपलेला विचारा. पॅडचं काम झिजणं आहे. गाडीची हालचाल तो उष्णतेत बदलतो आणि त्या बदल्यात थोडा संपतो. थोडं गणित करतो, सवय आहे :-) गाडी, चालवणारा आणि मागचा मिळून 280 किलो धरा. ताशी 60 वरून थांबायचं तर साधारण 39 किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. आता हेच वजन घेऊन 500 मीटर उंचीचा घाट उतरा, ही ऊर्जा साधारण 1370 किलोज्यूल होते, म्हणजे 60 वरून पस्तीस वेळा करकचून थांबण्याएवढी. यातला वाटा इंजिन आणि हवा उचलतात, जर तुम्ही गियरमध्ये असाल तर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करून घाट उतरणारे महाभाग हा सगळा बोजा त्या दोन बिस्किटाएवढ्या पॅडवर टाकतात. (माझे काका त्यातलेच. समजावून थकलो.)

एवढी उष्णता सोसायची म्हणून मटेरियलला महत्त्व. रेझिनमध्ये तंतू आणि भुकट्या मिसळून बनवलेले ते ऑरगॅनिक: मऊ, आवाज कमी, डिस्कशी प्रेमानं वागणारे, पण फार तापले की पकड सोडतात आणि लवकर संपतात. धातूची भुकटी दाबाखाली तापवून एकजीव केलेले ते सिंटर्ड: जास्त टिकतात, ओल्यात चांगले, पण डिस्कला जड. ज्या डिस्कसाठी ते बनलेले नाहीत तिथं लावू नयेत. सेमी-मेटॅलिक मधले. गॅरेजात हे तीन शब्द कुणी उच्चारत नाही. तिथं दोनच प्रकार, कंपनी आणि लोकल.

आणि 'कंपनी' हा शब्दही जरा तपासून घ्यायला हवा. गाडी बनवणारी कंपनी पॅड सहसा स्वतः बनवतच नाही, व्हेंडरकडून घेते. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये एएसके ऑटोमोटिव्ह शेअर बाजारात आली तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आयपीओचा अर्ज भरला असेल. ती हेच करते, हिरो, होंडा, टीव्हीएस, बजाज यांना ब्रेकचे भाग पुरवते आणि स्वतःच्या नावानं बाजारातही विकते. ब्रेम्बोचा छोट्या गाड्यांसाठीचा बायब्रे ब्रँडही तसाच ओळखीचा. म्हणजे शोरूमच्या बाहेर घेतलेला पॅड वाईटच असं अजिबात नाही. नामांकित उत्पादकाचा, त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला पॅड मी डोळे झाकून टाकेन. नाव नसलेल्या, किंवा नाव दुसऱ्याचं चोरलेल्या पुडीला मी घाबरतो.

मग कळणार कसं? काही पॅडवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीजी, एचएच. पहिलं अक्षर साधारण तापमानाला घर्षण किती, दुसरं तापल्यावर किती. एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55, एच त्याच्याही वर. पण यानंही हुरळून जाऊ नका. ही चाचणी एक इंच चौकोनी तुकड्यावर होते. पॅड किती टिकेल, प्लेटला किती घट्ट चिकटलाय, याबद्दल ती अक्षरं गप्प असतात. युरोपात आर-90 नावाचा नियम आहे, त्यात बदली पॅडचा ब्रेक मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत जुळावा लागतो आणि तसा शिक्का पॅडवर असतो. मला आपल्या नाना पेठेतल्या प्रत्येक पुडीवर असलं काहीतरी हवंय. निदान बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता. बिस्किटाच्या पुड्यावर असतो, मग ब्रेकच्या का नसावा?

लोक म्हणतात, आता एबीएस आहे. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या गाड्यांना सक्तीचं आहे हे खरं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. पॅडमध्ये नसलेलं घर्षण ते कुठून आणणार?

मामांवर माझा राग नाही. त्यांनी विचारलं होतं, निवड मी केली. जो पोरगा दिवसभर पार्सलं पोचवत शंभर-दीडशे किलोमीटर गाडी मारतो, त्याला दर तीन-चार महिन्यांनी 220 रुपये जास्त मोजणं जड जातं, त्याला मी कुठल्या तोंडानं शिकवू? गाड्यांच्या कंपन्यांनी खरा पॅड त्याला परवडेल अशा भावात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवावा. सर्व्हिस सेंटरमध्ये 'स्टॉक नाही, मंगळवारी या' असं ऐकलं की माणूस त्याच संध्याकाळी लोकल टाकून मोकळा होतो. पण आपण? महिन्याला दोन पिझ्झे जास्त खाणारे आपण तिथं घासाघीस करतो, हे माझ्या काही पचनी पडत नाही.

रूममेटच्या गाडीला गेल्या महिन्यात परत पॅड बदलले. या वेळी मी सोबत गेलो. विक्रेत्याकडे पुडी फोडली, प्लेट आणि मटेरियलच्या मधे कुठं फट आहे का ते उजेडात धरून बघितलं, प्लेटच्या भोकांत मटेरियल मागपर्यंत भरलंय का तेही बघितलं. दुकानदार वैतागला. नंतर रिकाम्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा हलके ब्रेक मारून पॅड डिस्कवर बसवले, नव्या पॅडवर लगेच करकचून ब्रेक मारायचा नसतो म्हणून. येताना तो म्हणाला, "फ्लुइड कधी बदललंस?" मला आठवेना. डॉट 4 हवेतलं पाणी शोषतं, नवीन असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती हमी 155 वर येते, हे सगळं मला पाठ आहे. बदललंय कधी, ते आठवत नाही. उद्या रविवार, मामांचं गॅरेज दुपारपर्यंत उघडं असतं.