स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात काळाराम मंदिरही हवं

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो,

१५ ऑगस्ट जवळ आला की आपण मुलांकडून भाषणं पाठ करून घेतो. दांडी, ‘चले जाव’, फाशी गेलेले क्रांतिकारक. हे सगळं हवंच. पण त्यातून मुलांचा एक समज होतो : धैर्य म्हणजे परक्यांशी लढणं, आणि परके गेले म्हणजे काम संपलं.

नाशिकच्या मुलांना तरी आपण आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक आघाडी दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले ते त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला. तिकडे समोर इंग्रज सरकार होतं. इकडे मागणी एवढीच, की रामाचं दर्शन आम्हालाही घेऊ द्या. आणि समोर कोण? आपलीच माणसं.

मंदिराची दारं बंद झाली. सत्याग्रही, त्यांत बायकाही, दारांशी बसून राहिले. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. विचार करा, या माणसांना परत त्याच गावांत जायचं होतं, त्याच लोकांच्या शेतावर मजुरी करायची होती. परक्यांविरुद्ध उभं राहणाऱ्याच्या पाठीशी गाव असतं. गावाविरुद्ध उभं राहणाऱ्याने काय करायचं?

मग हा लढा फुकट गेला का? मुलं विचारतील, विचारू द्या. सांगा, की बाबासाहेबच पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पाठ्यपुस्तकातल्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द आहे, तो मुलांना वाचायला लावा. इंग्रज गेल्याने स्वातंत्र्य आलं. बंधुता मात्र आपली आपणच आणायची आहे.

आता आपल्याबद्दल. वर्गात कुणाच्या आडनावाला, बोलीला, डब्याला हसलं जातं. तेव्हा ‘असं नका करू’ म्हणणाऱ्या मुलाला आपण काय सांगतो? ‘तुला काय करायचंय? गप्प बस.’ घरीही तेच. आणि भाषणात धैर्यावर टाळ्या!

यंदा एक भाषण काळाराम सत्याग्रहावर होऊ द्या. नंतर मुलांना एवढंच विचारा : तेव्हा तुम्ही तिथे असतात, तर कुणाच्या बाजूला उभे राहिला असतात? उत्तर द्यायला त्यांना वेळ द्या. आणि हो, आपणही द्या.