गोऱ्ह्याच्या वेदनेचा विचार हवा

कपिलधार परिसरातील शेतकरी पोळ्याला बैलाची भक्तिभावाने पूजा करतो. परंतु गोऱ्हा खच्ची करताना भूल देणे पुष्कळांना अनावश्यक वाटते. ही विसंगती दूर व्हावयास हवी. बर्डिझो चिमट्याने रक्त येत नाही, म्हणून वेदना होत नाही असे नव्हे. प्रथम लिग्नोकेनने तो भाग बधिर करावा. त्याचा प्रभाव काही तासांतच ओसरतो. म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्याने मेलॉक्सिकॅमही द्यावे. डायक्लोफिनॅक मात्र वर्ज्य समजावे. गिधाडांना घातक ठरल्याने २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. दुखावलेला गोऱ्हा चारा सोडतो, माणसाला बुजतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे घरोघरी पटवून द्यावे. जो पुढे आपले जू वाहणार, त्याच्या मनात आरंभीच भय का पेरावे?